बीन्सना वेळ लागतो, रिफ्राइड बीन्सना नाही

१. एक पदार्थ, दोन हिशेब

रिफ्राइड बीन्स घरी करायला किती वेळ लागतो, असं विचारलं की दोन टोकांची उत्तरं मिळतात. एक पाककृती सांगते पंधरा मिनिटं. दुसरी सांगते, दाणे रात्रभर भिजत घाला, दोन-अडीच तास शिजवा आणि मग घोटून परता. टाको किंवा बरिटोचा बेत ठरवलेल्या माणसाला यातलं कुठलं खरं मानावं ते कळत नाही. त्यात संध्याकाळी सहाला आठवावं की राजमा भिजवायचाच राहिला, म्हणजे पहिली पाककृती खोटी वाटते आणि दुसरी हाताबाहेर गेलेली असते. खरं तर या दोघींत भांडण नाही. पहिली शिजलेल्या दाण्यापासून घड्याळ लावते, दुसरी कोरड्या दाण्यापासून. या पदार्थात दोन वेगळी कामं आहेत. एक, वाळलेला दाणा पाण्यात मऊ करणं. दोन, तो मऊ दाणा तेलात किंवा चरबीत ठेचत, त्याच्याच पाण्यात आटवत परतणं. पहिलं काम स्वभावानेच सावकाश होतं, दुसरं स्वभावानेच झटपट. या प्रकरणाचं म्हणणं थोडक्यात असं: दुसऱ्या कामात घाई करावीच लागत नाही, पहिल्या कामातली घाई प्रेशर कुकरकडून किंवा डबाबंद बीन्सकडून विकत घेता येते, आणि दाणा अर्धाकच्चा ठेवून वेळ वाचवायला गेलं तर पदार्थ हमखास बिघडतो.

त्याआधी दाण्याची ओळख करून घेऊ. राजमा, मेक्सिकोतला ठिपकेदार पिंटो, तिथलाच काळा बीन आणि आपल्या भाजीतली फरसबी ही सगळी फॅसिओलस व्हल्गॅरिस या एकाच वनस्पतीची रूपं आहेत. फरसबीची शेंग कोवळी असताना खातात. राजमा शेंगेत पूर्ण पिकून वाळल्यावर काढतात. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव भागातला, अंगावर लालसर रेघा असलेला वाघ्या घेवडा याच कुळातला आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. त्यामुळे पिंटो मिळाला नाही म्हणून बेत रद्द करायचं कारण नाही. वाघ्या घेवडा किंवा किराणा दुकानातला चित्रा राजमा घेतला तरी पुढचं सगळं जसंच्या तसं लागू पडतं. गडद लाल राजमाही चालतो. त्याची साल मात्र जाड असते, म्हणून तो जरा जास्त शिजवावा लागतो.

२. काल शिजलेलं, आज परतलेलं

हा पदार्थ मेक्सिकोच्या घरात कसा जन्मला हे पाहिलं की त्याच्या वेळेचं कोडं सुटतं. या बीन्सची लागवड अमेरिका खंडात हजारो वर्षांपासून होते आहे. मेक्सिको-मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात आणि अँडीज पर्वतराजीत ती स्वतंत्रपणे सुरू झाली, असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. अ‍ॅझ्टेक सत्तेकडे येणाऱ्या खंडणीची चित्रमय नोंद १६व्या शतकातल्या मेंडोझा पोथीत आहे, आणि तिच्यात मक्याबरोबर बीन्सच्या कणग्याही आहेत. मका आणि बीन्स ही जोडी पोषणाच्या दृष्टीनेही भक्कम आहे. मक्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, ते बीन्समध्ये भरपूर असतं. बीन्समध्ये मेथिओनिन कमी पडतं, ते मका भरून काढतो. रोजच्या जेवणात मक्याची तोर्तिया, म्हणजे पातळ भाकरी, असेल तर रोज बीन्सही असणार, आणि रोज बीन्स असणार म्हणजे चुलीवर त्यांचं मडकं वारंवार चढणार. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक पाककलेला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हाही मका, बीन्स आणि मिरची या तिघांनाच तिचा पाया मानलं होतं.

पहिल्या दिवशी हे दाणे मातीच्या मडक्यात भरपूर पाण्यात, कांदा घालून, मंद आचेवर शिजतात. दक्षिणेकडे त्यात एपासोते नावाचा उग्र वासाचा पाला पडतो. अनेक घरांत दाणे आधी भिजवतच नाहीत; निवडून, धुऊन थेट चढवतात. मडक्याच्या तोंडावर पाण्याने भरलेलं छोटं भांडं ठेवायचीही पद्धत आहे. त्यातलं पाणी वाफेवर तापत राहतं आणि मडक्यातलं पाणी कमी झालं की तेच आत ओतता येतं, म्हणजे गार पाण्याने उकळी मोडत नाही. अशा शिजलेल्या बीन्सना फ्रिहोलेस दे ला ओया, म्हणजे मडक्यातले बीन्स म्हणतात, आणि त्या दिवशी ते पातळ रश्श्यासकट वाटीत वाढले जातात. उरलेले दाणे दुसऱ्या दिवशी चरबीत परतून घोटले की त्यांचे रिफ्राइड बीन्स होतात. दोन तासांचं काम आदल्या दिवशीच झालेलं असल्याने सकाळच्या अंड्यांबरोबर किंवा दुपारच्या तोर्तियावर पसरायला ते पाव तासात तयार होतात. म्हणजे झटपट रिफ्राइड बीन्स ही आजच्या धावपळीने शोधलेली पळवाट नव्हे. शिळ्यातून केलेला हा पदार्थ पहिल्यापासूनच झटपट आहे.

परतण्याचा हा टप्पा मात्र फार प्राचीन नाही. स्पॅनिश लोक येण्याआधी मेक्सिकोत डुकरं पाळली जात नव्हती. तिथलं रांधणं मुख्यतः उकडण्याचं, वाफवण्याचं आणि मातीच्या तव्यावर भाजण्याचं होतं. चरबीत तळण्या-परतण्याला फारसा वाव नव्हता. १५२१ मध्ये अ‍ॅझ्टेक राजधानी तेनोच्तित्लान पडली आणि त्यानंतर डुकरांबरोबर त्यांची चरबीही स्वयंपाकघरात आली. हजारो वर्षांचा दाणा आणि सुमारे पाचशे वर्षांची चरबी यांचा हा संकर आहे, हे ध्यानात ठेवलं म्हणजे ‘अस्सल काय’ या पुढे येणाऱ्या वादात डोकं शांत राहतं.

३. दाणा मऊ होतो म्हणजे नेमकं काय होतं

आता पहिल्या, वेळखाऊ कामाकडे वळू. वाळलेला दाणा हा लाखो सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीला स्वतःची भिंत असते आणि आत पिष्टाचे कण व प्रथिनं ठासून भरलेली असतात. शेजारच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने जोडलेल्या असतात. राजगिऱ्याचा लाडू डोळ्यांपुढे आणा. त्यातला लाह्या धरून ठेवणारा गुळाचा पाक म्हणजे पेक्टिन आणि एकेक लाही म्हणजे एकेक पेशी. लाडू गरम पाण्यात टाकला की पाक विरघळतो, लाह्या सुट्या होतात, पण लाही फुटत नाही. बीन शिजताना हेच होतं. उष्णतेने आणि पाण्याने पेक्टिन विरघळतं, पेशी सुट्या होतात, आतला पिष्ट फुगतो पण बहुतांश पेशीतच राहतो. शिजलेला बीन दाबला की चिकट गोळा न होता लोण्यासारखा मऊ का लागतो, त्याचं कारण हे आहे. उलट दाणा अर्धवट शिजला असेल तर पाक विरघळलेलाच नसतो. मग कितीही ठेचा, पेशी सुट्या व्हायच्या ऐवजी पुंजक्यापुंजक्यांनी तुटतात आणि जिभेला रवाळ, कचकच लागतात.

यावरून पुढची गोष्ट निघते आणि या पदार्थात तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. पेक्टिन विरघळायला पाणी हवं. परतताना आपण पाणी घालवत असतो, त्यामुळे कढईत पडलेला कच्चा दाणा पुढे मऊ होत नाही, नुसता कोरडा होतो. म्हणून रिफ्राइड बीन्ससाठीचा दाणा उसळीपेक्षाही जास्त शिजवायचा. उसळीत दाणा अख्खा राहिला पाहिजे ही अट असते, इथे ती अट नाही. दाणा बोटचेपा झाला की थांबायचं नाही. जिभेने टाळूवर दाबला तर विरला पाहिजे. आणि शितावरून भाताची परीक्षा होते तशी एका दाण्यावरून बीन्सची होत नाही, कारण एकाच पुडीतले दाणे कमी-जास्त वाळलेले असतात. वेगवेगळ्या जागचे पाच-सहा दाणे काढून दाबून पाहावेत आणि त्यातला सर्वात टणक दाणा मऊ झाला असेल तरच आच बंद करावी.

पेक्टिन लवकर विरघळेल की उशिरा, हे चार-पाच गोष्टींवर ठरतं. जड पाण्यातलं कॅल्शियम पेक्टिनला आणखी घट्ट बांधतं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही ही तक्रार याच कारणाने असते. टोमॅटो, चिंच, लिंबू यांतली आम्लताही पेक्टिनला टिकवून धरते, म्हणून आंबट ते नंतर. मिठाबद्दल मात्र उलटा समज पसरला आहे. मिठाने दाणा कडक होतो असं म्हणतात, पण भिजवण्याच्या पाण्यात घातलेल्या मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल उलट मऊ पडते. चिमूटभर खाण्याचा सोडा हे काम आणखी जोरात करतो, पण चिमटीच्या पुढे गेलं की साबणासारखी चव येते आणि थायमिन हे जीवनसत्त्वही नष्ट होतं. जुना दाणा ही आणखी एक अडचण. उष्ण, दमट जागी महिनोन्‌महिने पडलेले बीन्स असे टणक होतात की तासन्‌तास उकळूनही हटत नाहीत. शेवटची गोष्ट तापमान. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पाणी साधारण ९२-९३ अंश सेल्सियसलाच उकळतं. मुंबईत १०० अंशांना जे होतं ते तिथे उघड्या भांड्यात आणखी सावकाश होतं. उलट प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, आणि या वीस अंशांच्या फरकाने तासांचं काम मिनिटांवर येतं.

४. घाई कुठून विकत घ्यायची

आता संध्याकाळचे सहा वाजले आहेत आणि दाणे कोरडेच आहेत, असं धरून तीन वाटांचा हिशेब मांडू. पहिली वाट बहुतेक पुस्तकांत असते: दाणे दोन-तीन मिनिटं उकळायचे, आच बंद करून झाकण ठेवायचं, तासाभराने पाणी उपसून नव्या पाण्यात शिजवायचे. कुकर वापरला तरी याचा हिशेब असा होतो: उकळायला दहा मिनिटं, भिजायला साठ, कुकरला दाब यायला दहा, शिजायला पंधरा ते वीस, दाब उतरायला पंधरा. एकूण पावणेदोन तासांहून जास्त. दुसरी वाट म्हणजे दाणे न भिजवता थेट कुकरमध्ये घालायचे: दाब यायला दहा मिनिटं, पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून चाळीस मिनिटं, दाब आपोआप उतरायला पंधरा. सव्वासातच्या आत कुकर उघडतो. म्हणजे कुकर हाताशी असेल तर घाईची भिजवणी वेळ वाचवत नाही, वाढवते. भिजवण्याचे फायदे वेगळे आहेत. गॅस कमी जळतो, दाणे एकसारखे शिजतात आणि पोटाला जरा सोपे जातात. ज्याला फक्त वेळ वाचवायचा आहे त्याने भिजवायला विसरल्याची खंत करू नये.

न भिजवलेल्या दाण्यांना पाणी जास्त लागतं. एक वाटी दाण्यांना चार वाट्या पाणी धरावं. दाणे फुगतात आणि फेसही बराच करतात, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरू नये आणि चमचाभर तेल घालावं. तेलाने फेस बसतो आणि सुटलेली साल शिट्टीच्या भोकात अडकायचा धोका कमी होतो. या पाण्यातच अर्धा कांदा, एखादी लसणाची पाकळी आणि थोडं मीठ टाकलं की पुढे लागणारा रस्सा आताच चवदार होतो. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजावीत, कारण प्रत्येक कुकरची शिट्टी वेगवेगळ्या अंतराने होते. उघडल्यावर दाणे टणक वाटले तर निराश न होता गरम पाणी घालून पुन्हा दहा-पंधरा मिनिटं दाब द्यावा.

तिसरी वाट डबाबंद बीन्सची. डब्यातले दाणे हवाबंद केल्यावर डब्यातच दाबाखाली, उकळत्या पाण्याहून जास्त तापमानाला पूर्ण शिजवलेले असतात. म्हणजे पहिलं काम कारखान्याने उरकलेलं असतं आणि आपल्या वाट्याला फक्त दुसरं येतं. साधारण ४०० ग्रॅमच्या डब्यातून पाणी काढल्यावर २४० ग्रॅमच्या आसपास दाणे हाती लागतात, दोघांपुरते. डब्यातलं पाणी दाट आणि उपयोगी असतं, पण त्यात मीठ भरपूर असू शकतं. अर्धं ठेवावं, अर्धं साधं पाणी घालावं आणि स्वतः मीठ घालायच्या आधी चव पाहावी.

एका वाटेला मात्र जाऊ नये. कच्च्या राजम्यात, विशेषतः लाल राजम्यात, फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं. ते नीट नष्ट झालं नाही तर काही तासांत जोराच्या उलट्या आणि जुलाब होतात. कडकडीत उकळीने ते नष्ट होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला असा की दाणे किमान पाच तास भिजवावेत, ते पाणी टाकून द्यावं आणि ताज्या पाण्यात किमान तीस मिनिटं उकळावेत. प्रेशर कुकरचं तापमान तर त्याहून वरचं असतं. धोका आहे तो मंद आचेच्या विजेच्या भांड्यात, स्लो कुकरमध्ये, कोरडे दाणे थेट शिजवण्यात. तिथलं तापमान उकळीच्या खाली राहू शकतं, आणि ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेल्या दाण्यांत हे द्रव्य नष्ट होण्याऐवजी आणखी प्रभावी होऊ शकतं. परदेशी राहणाऱ्या ज्या मराठी घरांत स्लो कुकर रोजचा झाला आहे, तिथे ही गोष्ट माहीत असलीच पाहिजे: राजमा आधी उकळून घ्यायचा आणि मगच त्या भांड्यात घालायचा.

५. कढईतली पंधरा मिनिटं

आता दुसरं काम. चार माणसांसाठी शिजलेले दाणे तीन वाट्या, म्हणजे कोरडे साधारण २०० ग्रॅम, त्यांचं शिजवलेलं पाणी सव्वा वाटी, तेल किंवा चरबी तीन मोठे चमचे, बारीक चिरलेला अर्धा कांदा, मीठ. भांडं जाड बुडाचं आणि पसरट घ्यावं. पसरट यासाठी की पाणी आटायला जागा मिळावी आणि जास्तीत जास्त लगदा बुडाला टेकावा. तेल तापवून कांदा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं, कडा तांबूस होईपर्यंत परतायचा. बीन्सला स्वतःचा गोडसर, मातकट स्वाद असतो, खमंगपणा नसतो. तो सगळा या कांद्यातून आणि पुढच्या परतण्यातून यायचा असतो, म्हणून इथे घाई करून कांदा पांढरा ठेवू नये.

मग दाणे पाण्याशिवाय, झाऱ्याने उपसून घालायचे आणि पावभाजीच्या मॅशरने तेलातच ठेचायचे. पाणी आधी घातलं तर दाणे मॅशरखालून निसटत राहतात. निम्मे ठेचले गेले की पाणी थोडं थोडं, पळीपळीने घालत घोटायचं. या पाण्याला पर्याय नाही. त्यात दाण्यातून उतरलेलं पेक्टिन, पिष्ट आणि प्रथिनं असतात, आणि तेलाचे बारीक थेंब लगद्यात धरून ठेवायला तीच उपयोगी पडतात. साधं पाणी घालून घोटलेल्या बीन्सवर तेल सुटून तरंगतं. रश्श्यात घोटलेले तुकतुकीत दिसतात आणि तेल आत मुरतं. म्हणून दाणे शिजल्यावर पाणी मोरीत ओतायची सवय या पदार्थापुरती तरी मोडावी.

आता पाच-सात मिनिटं आटवणं. लगद्यात पाणी आहे तोवर त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं आणि काही तांबूस होत नाही. पण बुडाशी टेकलेला थर आधी कोरडा होतो, तिथलं तापमान पुढे चढतं आणि प्रथिनं व शर्करा यांच्यातून भाजलेला वास तयार होतो. तो थर करपायच्या आत उलथण्याने खरवडून लगद्यात मिसळायचा, पुन्हा बसू द्यायचा, पुन्हा खरवडायचा. चार-पाच वेळा असं केलं की शिजलेल्या घोटलेल्या बीन्सचे रिफ्राइड बीन्स होतात. कुठे थांबायचं याची खूण सोपी आहे. उलथणं लगद्यातून ओढलं की मागे भांड्याचा तळ दिसावा आणि ती वाट हळूहळू बुजावी. ती लगेच बुजली तर अजून पातळ आहे. बुजलीच नाही तर पळीभर पाणी घालावं. गार होताना मिश्रण आणखी घट्ट होतं, म्हणून ताटात हवं त्याहून थोडं सैल असतानाच उतरवायचं. मीठ सगळ्यात शेवटी, कारण आटल्यावर रश्श्यातलं मीठ दाट होतं आणि सुरुवातीला बरोबर वाटलेली चव शेवटी खारट निघते. लिंबू पिळायचं असेल तर तेही आताच. मध्य मेक्सिकोत काही स्वयंपाकी त्याहीपुढे जाऊन लगदा इतका कोरडा परततात की कढई कलती केली की त्याची गुंडाळी होऊन अख्खी ताटात उतरते. ते कौशल्य जमलं नाही म्हणून काही अडत नाही.

६. काही आक्षेप

पहिला आक्षेप अस्सलपणाचा: डुकराची चरबी नसेल तर हे रिफ्राइड बीन्सच नव्हेत. यात तथ्य आहे, पण पूर्ण नाही. चरबीची चव वेगळी असते आणि गार झाल्यावर ती घट्ट बसत असल्याने पदार्थाला एक मऊ बांधणी येते, जी पातळ तेलाने तितकी येत नाही. पण स्निग्ध पदार्थाचं मुख्य काम उष्णता नेणं, लगदा एकजीव ठेवणं आणि बुडाचा थर खमंग करणं हे आहे, आणि ते कुठलंही चांगलं तेल करतं. मेक्सिकोतही आज असंख्य घरांत तेलच वापरतात. तूप चालतं, पण त्याचा दुधाळ वास पदार्थाला दुसरीकडे नेतो. आरोग्याच्या नावाने चरबीला नाकं मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की तिच्यात संपृक्त मेदाम्लं साधारण ४० टक्के असतात, तर तुपात ६० टक्क्यांच्या आसपास. दोन्ही बेतानेच वापरायच्या गोष्टी आहेत. शाकाहारी माणसासाठी खरी सावधगिरी दुकानात आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या डबाबंद रिफ्राइड बीन्समध्ये डुकराची चरबी असू शकते, आणि दिसायला दोन्ही डबे सारखेच असतात. डब्यावरची घटकांची यादी वाचल्याशिवाय तो घेऊ नये. नुसते शिजवलेले बीन्स डब्यातून घेऊन घरी परतले तर हा प्रश्न बऱ्याच अंशी मिटतो, आणि वेळ वाढतो तो फक्त पंधरा मिनिटांनी.

दुसरा आक्षेप: मॅशरने कशाला, मिक्सरमध्ये फिरवलं की मिनिटात होईल. मिक्सर वापरणं म्हणजे पाप नव्हे. मेक्सिकोच्या दक्षिणेकडे, व्हेराक्रूझ आणि युकातानमध्ये, काळ्या बीन्सचा अगदी गुळगुळीत लगदा आवडतो; युकातानमध्ये तर तो गाळूनही घेतात. उकडलेला बटाटा मिक्सरमध्ये फिरवला की चिकट होतो, तसे बीन्स होत नाहीत, कारण त्यांच्या पेशींच्या भिंती बऱ्याच चिवट असतात आणि पिष्ट सहजी बाहेर सोडत नाहीत. पण वेळेचा हिशेब इथेही नीट करायला हवा. मिक्सरचं पातं फिरायला पाणी जास्त घालावं लागतं आणि घातलेलं प्रत्येक पळीभर पाणी पुढे कढईत आटवावंच लागतं. ठेचायची दोन-तीन मिनिटं वाचली तरी आटवण्यात तेवढी सहज जातात. शिवाय भांडं धुवायचं वाढतं. गुळगुळीत आवडत असेल तर मिक्सर घ्यावा. वेळ वाचावा म्हणून घेण्यात अर्थ नाही.

तिसरा आक्षेप पोटाचा. बीन्समध्ये रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या शर्करा असतात. त्या तोडणारं विकर माणसाच्या लहान आतड्यात नसतं, म्हणून त्या मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला येतात आणि वायू तयार होतो. दाणे भिजवून पाणी टाकलं तर यातला काही भाग जातो. सगळा जात नाही, आणि त्याबरोबर थोडा रंग व स्वादही जातो. मग प्रश्न येतो की शिजवलेलं पाणी जपून ठेवा म्हणणं आणि भिजवलेलं पाणी टाका म्हणणं यात विसंगती नाही का? नाही, कारण ती दोन वेगळी पाणी आहेत. भिजवलेल्या पाण्यात घट्टपणा देणारं फारसं काही उतरलेलं नसतं. ते काम उकळताना होतं. ज्याला बीन्सची सवय नाही त्याने सवड असेल तेव्हा भिजवावं, पाणी टाकावं आणि सुरुवातीला थोडे खावेत. नियमित खाणाऱ्या बऱ्याच जणांचा त्रास काही आठवड्यांत कमी होतो.

७. साठवायचं काय

वरच्या सगळ्याचा व्यवहारी निष्कर्ष असा की बीन्स करायचे तेव्हा दुप्पट करावेत. कुकर एक वाटी दाण्यांना जितका वेळ घेतो जवळजवळ तितकाच दोन वाट्यांना घेतो. जास्तीचा खर्च फक्त दाण्यांचा आणि जरा जास्त गॅसचा. उरलेले दाणे तासन्‌तास ओट्यावर ठेवू नयेत. शिजलेल्या कडधान्यात जिवाणू चटकन वाढतात, म्हणून पसरट भांड्यात काढून लवकर गार करावेत आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावेत. तिथे ते तीन-चार दिवस टिकतात, फ्रीझरमध्ये काही महिने. साठवताना दाणे त्यांच्याच पाण्यात बुडालेले असावेत. कोरडे ठेवले तर साली फाटतात, दाणे सुरकुततात आणि पुढे घोटायला लागणारं पाणीही उरत नाही. एका वेळेला लागतील तेवढ्या दाण्यांचे छोटे डबे भरले की हवा तेव्हा एकच डबा काढता येतो.

तयार रिफ्राइड बीन्सही गोठवता येतात, पण गोठवायचं झालं तर शिजलेले साधे दाणेच गोठवावेत असं सुचवावंसं वाटतं. परतून ठेवलेल्यांचा पुढे दुसरा काही उपयोग होत नाही, आणि गरम करताना पाणी घालून पुन्हा आटवावे लागतातच. म्हणजे ज्या पंधरा मिनिटांची बचत करायला गेलो त्यातली निम्मी परत खर्च होतात. रश्श्यातल्या साध्या दाण्यांची मात्र एके दिवशी उसळ होते, एके दिवशी सूप, आणि टाकोचा बेत असेल त्या दिवशी ते आधी वितळवून ठेवले की थेट कढईत पडायला तयार असतात.